बोटीचं तोंड घराकडे

माझी आणि अल्पेशची पहिली भेट झाली तेव्हा माझा डबा त्याच्या हातात होता, आणि तो समुद्रात भिरकावायचा की खडकावर आपटायचा एवढंच त्याचं ठरायचं बाकी होतं.

मी अर्नाळ्याला खरं तर दुसऱ्याच एका बोटीची वाकलेली अँटेना सरळ करायला गेले होते. दसरा नुकताच होऊन गेला होता. वाळू तापली होती, बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते आणि त्या वासात माझी ओढणी पार बुडून गेली होती. समोर पाहते तर एक उंच, उन्हाने रापलेला मुलगा गुडघाभर पाण्यात चालत निघालेला, आणि त्याच्या हातात माझा राखाडी डबा. मी स्कूटरची चावी तशीच मुठीत धरून पळत सुटले. वाळूत जितकं पळता येतं तितकंच.

"ओ... थांबा," मी म्हणाले. "तो माझा आहे."

तो वळला. आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचा? म्हणजे ह्या सगळ्या तमाशाला तुम्ही जबाबदार."

"हो. फेकायचा तर फेका, पण आधी मला उघडून बघू द्या."

"आणि मग?"

"मग मीच फेकीन. तुमच्यापेक्षा लांब."

तो रागात होता, हे अगदी स्पष्ट होतं. तरीही त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं... आणि त्याने डबा माझ्या हातात दिला.

मी तेजस्वी केनी. घर खाडीकाठचं, भातशेतीतलं. नोकरी वालीवच्या एका गाळ्यात, आल्बर्ट सरांकडे. गाळ्यात मुळात लिफ्टची पॅनेलं बनतात, डबा हा माझा एकटीचा हट्ट. बोटीच्या डोलकाठीवर उंच अँटेना, खाली डबा, डब्यात मोडेम आणि सिमकार्ड. भर समुद्रात हातातल्या मोबाइलला रेंज नसते, पण त्या अँटेनामुळे डब्याला अधूनमधून मिळते. मिळाली की मोडेम आपणहून नंबर लावतो. जोडणी लागली की एका फोल्डरमधल्या स्क्रिप्ट आपोआप चालतात, तुटली की दुसऱ्या फोल्डरमधल्या. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला आधीच सांगून ठेवलेली कामं. जोडणी लागली की बोट कुठे आहे ते कळव, घरी 'आलो' असा मेसेज पाठव, हवामानाचा इशारा उतरवून घे. तुटली की आमच्या वालीवच्या यंत्राने घरी सांगायचं, 'संपर्क तुटला'. गाळ्यात बसून हे सगळं फार छान दिसत होतं.

अर्नाळ्याला काय दिसलं ते अल्पेशने मला सांगितलं. त्याची आई हंसा किनाऱ्यावर मासळीचा व्यवहार बघते. 'आलो' आलं की ती कारखान्यातून बर्फ फोडून घेते, टेम्पो बोलावते. आदल्या दिवशी सकाळपासून तिचा फोन आलो, संपर्क तुटला, आलो, संपर्क तुटला असा वाजत राहिला. पहिल्या 'आलो'ला फोडलेल्या बर्फाचं पाणी झालं, दुसऱ्याचंही झालं. मग तिने वैतागून फोन बंद करून टाकला, आणि नेमकी तेव्हाच बोट खरोखर आली. बोंबील म्हणजे आधीच नाजूक मासळी. बर्फ मिळेपर्यंत सगळा माल मऊ पडला. वर 'संपर्क तुटला' हे शब्द. ते बातम्यांत कधी येतात हे अर्नाळ्यात कुणाला सांगावं लागत नाही. दर वेळी ते वाचताना आपल्या आईचा चेहरा कसा झाला होता हे सांगताना अल्पेशचा आवाज उतरला, आणि मला पहिल्यांदाच माझ्या डब्याची लाज वाटली.

मासळीचा एक क्रेट उलटा करून मी त्यावर लॅपटॉप ठेवला आणि डब्याला जोडला. उन्हाने पडद्यावरचं काही दिसेना. अल्पेश उठला आणि ऊन अडेल असा माझ्या पाठीशी उभा राहिला. मी वाचत होते तोवर तो हलला नाही. पडद्यावर एकच गोष्ट परत परत दिसत होती. लागली, तुटली, लागली, तुटली.

"तुम्ही नक्की कुठे होता?" मी विचारलं.

त्याने वाळूत बोटाने काढून दाखवलं. डोलीचं जाळं समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधतात. खुंट जिथे, तिथेच बोट थांबणार. पाणी फिरायची वाट बघायची, मग जाळं उचलायचं. आणि त्याचे खुंट होते नेमके रेंज संपते तिथे. लाटेवर बोट वर गेली की रेंज यायची, खाली आली की जायची.

"मी तिथंच बसलेलो," तो म्हणाला, "आणि तुमचा डबा घरी सांगतोय, आलो."

येत्या रविवारी मच्छीमार सोसायटीची सभा होती. सगळ्या बोटींवरचे डबे परत करायचे, असं जवळजवळ ठरलेलंच होतं, कारण हंसाकाकी बोलल्या म्हणजे किनारा बोलला. आल्बर्ट सरांनीही मला बजावून ठेवलं होतं, डबे परत आले तर हे काम कायमचं बंद, तू आणि तुझी लिफ्टची पॅनेलं. दोन वर्षं मी ज्याच्यामागे वेड्यासारखी लागले होते ते रविवारी संपणार होतं. ते मी संपू देणार नव्हते. मी अल्पेशला म्हटलं, सभेपर्यंत डबा तुमच्या बोटीवर राहू द्या, मी दुरुस्त करते.

"मला काय मिळणार?"

"वेळेवर बर्फ."

"बस?"

"आधी बर्फ तर मिळू दे," मी म्हणाले, आणि डबा बंद करताना उगाचच दोनदा झाकण तपासलं.

त्याच संध्याकाळी मी पहिलं काम केलं. 'संपर्क तुटला' पाठवणाऱ्या स्क्रिप्टची चालायची परवानगीच काढून घेतली. फाइल जागेवर राहते, पण यंत्र तिला हात लावत नाही. मग 'आलो'च्या स्क्रिप्टला सांगितलं, लगेच बोलू नकोस, जरा थांब, जोडणी टिकते का बघ, मगच बोल. मी स्वतःवर खूश होते. आल्बर्ट सरांना दाखवलं, तेही खूश झाले.

डब्याला जोडणी असली की अल्पेशचा मोबाइलही त्या डब्यामधून चालायचा. जाळ्यापाशी वाट बघत बसलेल्या माणसाला दुसरा उद्योग काय? दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर मेसेज आला, 'डबा ठीक आहे. तुम्ही कशा' आणि तिथेच तुटला. माझ्यासमोरच्या पडद्यावर त्याच्या जोडणीचा हिरवा दिवा जाऊन लाल आला. थोड्या वेळाने परत हिरवा.

'आहात का?'

'डब्याबद्दल बोला,' मी लिहिलं.

'डब्याबद्दलच. तो म्हणतो, तुम्ही चिडलात की जास्त' आणि लाल.

जास्त काय? मी त्या सकाळी लिफ्टच्या एका पॅनेलला दोन तारा उलट्या जोडल्या आणि आल्बर्ट सरांचं बोलणं खाल्लं. दिवा हिरवा झाला तेव्हा साहेबांचा मेसेज आला की आज कोळंबी बरी मिळेलसं दिसतंय.

'जास्त काय?' मी विचारलं.

'काय जास्त?'

'तुम्हाला माहितेय.'

'अरेरे... रेंज जातेय.'

रेंज जात नव्हती. दिवा माझ्या नाकासमोर हिरवागार होता. मी लिहिलं, 'मला इथे दिसतंय, जोडणी पक्की आहे.' बराच वेळ काही आलं नाही. मी पडद्याकडे बघत बसले होते आणि आपण हसतोय हे मला आल्बर्ट सर बघायला लागले तेव्हा कळलं. मग उत्तर आलं.

'तुमच्याशी खोटं बोलायची सोयच नाही. छान दिसता, असं म्हणायचं होतं.'

मी फोन पालथा घातला. मग उचलून परत वाचलं.

असं दोन दिवस चाललं. हंसाकाकींचा फोन उगाच वाजत नव्हता, म्हणून मला वाटलं, जिंकलो. पण मी एक गोष्ट विसरले होते. स्क्रिप्टच्या नावापुढे आकडा असतो आणि त्या आकड्यांच्या क्रमाने त्या चालतात. एक संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. मी 'आलो'ला थांबायला सांगितलं होतं, आणि तिच्या मागे रांगेत उभी होती हवामानाची स्क्रिप्ट. पुढची थांबली म्हणून मागचीही थांबायची, आणि तिची पाळी यायच्या आत जोडणी तुटायची.

गुरुवारी दुपारी वाऱ्याचा इशारा आला. बाकीच्या बोटींवर मी अजून काही बदललं नव्हतं, त्यांच्या डब्यांनी तो उतरवून घेतला आणि त्या परतायला लागल्या. एका बोटीपुढे मात्र पडद्यावर लिहिलेलं राहिलं, इशारा पोहोचला नाही. मी दिवा हिरवा होताना बघितला, आणि थांबा-थांबा करत तो लाल होतानाही बघितला. त्याला मेसेज करायला घेतला तोवर जोडणी गेली होती, ती परत आली नाही.

वालीवहून अर्नाळ्यापर्यंत स्कूटर कशी चालवली ते मला आजही सांगता येणार नाही. पोहोचले तेव्हा आभाळ काळं झालं होतं आणि वाळू उडून तोंडावर बसत होती. बाया वलांड्यांवरचे बोंबील घाईने काढत होत्या. मी पाण्याच्या कडेला उभी राहिले. मला तिथे सगळं स्वच्छ कळलं. सभा, डबे, दोन वर्षं, सगळं गेलं चुलीत. मला तो माणूस हवा होता, जिवंत, माझ्यासमोर, आणि जमलं तर कोरडा.

कोरडा नाही मिळाला. बोट आली, एक जाळं फाडून आली. अल्पेश छातीएवढ्या पाण्यातून चालत बाहेर आला. अंगातला शर्ट पिळत माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला की डब्याने आज काहीच सांगितलं नाही.

"मीच त्याला थांबायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्याच्यामागे हवामान अडकलं. चूक माझी आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू रडतेयस?"

"नाही. वाऱ्याने डोळ्यांत वाळू गेली."

"वारा कधीच पडला, तेजस्वी."

खरंच पडला होता. तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला, हे माझ्या घरी पोहोचल्यावर लक्षात आलं.

पण घरी जायच्या आधी हंसाकाकींनी मला गाठलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्या बोलल्याही भरपूर, फाटलेल्या जाळ्याबद्दल, शिकलेल्या पोरींबद्दल आणि एकूणच वालीवबद्दल. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग त्यांचा राग ओसरला आणि त्या माझ्याशेजारी होडीच्या काठावर टेकल्या.

"तू डब्याला थांबवतेस, पळवतेस. त्याला काय कळनार गो? रेंज आयली म्हनजे पोर घरी आयला, असं नसतं. बोटीचं तोंड कुठं हाय ते बघावं लागतं. तोंड घराकडं फिरलं, की मग तो येतो."

जोडणी लागली म्हणजे माणूस परत निघाला, हे मी गाळ्यातल्या खुर्चीवर बसून गृहीत धरलं होतं. मी जोडणीला कितीही वेळ थांबायला लावलं असतं तरी तिला ते कळणार नव्हतं. बोट कधी फिरली, ते बोटीवरच्या माणसांनाच माहीत असतं. पण जाळं ओढून हात सोललेल्या, माल निवडत बसलेल्या माणसांना, मोबाइल काढा आणि मेसेज करा, असं सांगून ते कुणी करणार नव्हतं. त्यांना न आठवता जे रोज होतं, असं काहीतरी मला हवं होतं.

अल्पेशच्या बोटीवर काळूरामकाका होते, त्याच्या वडिलांपासूनचे खलाशी. मी त्यांना विचारलं, परत फिरल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय करता? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला.

"करायचं काय? च्या ठेवतो," ते म्हणाले.

"आणि त्याच्याआधी कधी?"

ह्यावर अल्पेशच बोलला. जाळं पाण्यात असेपर्यंत त्यांच्या बोटीवर चहा होत नाही. माणसं कितीही दमू देत, थंडी असू दे, नाही म्हणजे नाही. जाळं वर आलं, बोटीचं तोंड किनाऱ्याकडे फिरलं, की काळूरामकाका स्टोव्ह पेटवणार. आजोबांपासून असंच, आणि किनाऱ्यावरच्या इतर बोटींवरही असंच.

मी शुक्रवारी सकाळी तुळिंजच्या बाजारातून दिव्याचा एक साधा खटका आणला, त्याला रबराचं झाकण केलं आणि होडीतून नांगरलेल्या बोटीवर गेले. खटका बसवायचा तो स्टोव्हच्या अगदी शेजारी. चहा ठेवायचा, त्याच हाताने खटका दाबायचा, किनाऱ्याला लागलो की परत वर करायचा. 'आलो'च्या स्क्रिप्टने आता घड्याळ बघायचं नव्हतं. जोडणी असेल आणि खटका दाबलेला असेल तरच बोलायचं, नाहीतर गप्प बसून खटक्याची वाट बघायची. जोडणी नसतानाच खटका दाबला गेला, तर ती लागली की बोलायचं.

बोट हलत होती. अल्पेश स्क्रू हातात घेऊन माझ्याजवळ बसला होता, गरजेपेक्षा जरा जास्तच जवळ.

"आकडे पण बदललेस?" त्याने विचारलं.

"हो. आधी हवामान. मग बोट कुठे आहे ते. 'आलो' सगळ्यात शेवटी."

"शेवटी का?"

"कारण 'आलो' चुकलं तर काकी चिडतात. आणि हवामान चुकलं तर..."

"तर?"

"स्क्रू ड्रायव्हर दे."

त्याने दिला, पण लगेच सोडला नाही. "तर काय, तेजस्वी?"

"तर मी कालच्यासारखी पाण्याच्या कडेला उभी राहणार नाही," मी म्हणाले. "मी सरळ पोहत येईन आणि तुझी गचांडी धरीन."

काळूरामकाका दुसरीकडे बघून खोकले. अल्पेशने स्क्रू ड्रायव्हर सोडला, आणि पुढचे सगळे स्क्रू मी वाकडे बसवले.

शनिवार हा शेवटचा दिवस होता. मी दुपारपासून बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. आल्बर्ट सरही आले होते. इतर बोटी एकेक करून यायला लागल्या, त्यांच्या बाया बर्फ फोडून नेत होत्या, आणि आतल्या लाद्या कमी कमी होत होत्या. माझ्यासमोर अल्पेशच्या बोटीचा दिवा हिरवा झाला. हिरवाच राहिला. समुद्र शांत होता, जोडणी तुटत नव्हती. पण 'आलो' येत नव्हतं. ठिकाण जोडणी लागतानाच एकदा कळायचं, त्यानंतर बोट निघाली की नाही ते पडद्यावर दिसत नव्हतं.

मी त्याला मेसेज केला, उत्तर नाही. आल्बर्ट सर माझ्या कानाशी वाकले. इथून हातानेच 'आलो' पाठवून दे, ते म्हणाले, जोडणी आहे म्हणजे येतच असेल, बर्फ संपला तर उद्या सभेत आपलं काही खरं नाही. ते चुकीचं बोलत होते असं नाही. माझी बोटं कळफलकावर गेलीसुद्धा होती.

"नाही, सर," मी म्हणाले. "तो निघाल्याशिवाय 'आलो' जाणार नाही."

हंसाकाकी समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात रिकामी टोपली. "काय म्हनतो तुझा डबा?"

"अजून नाही म्हणतो."

"सगळ्यांच्या बोटी आयल्या."

"तरी नाही, काकी."

"आनि बरफ संपला म्हनजे?"

"तर चूक माझी. उद्या सगळे डबे मी स्वतः उतरवून नेईन. पण आत्ता बर्फ फोडू नका."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता आत जातील आणि लादी फोडायला सांगतील. त्या आत गेल्या नाहीत. टोपली उपडी घालून त्यावर माझ्या बाजूला बसल्या. ऊन उतरत चाललं होतं. आतल्या माणसाने दोनदा बाहेर डोकावून विचारलं, ठेवू का देऊ? दोन्ही वेळा काकींनी हातानेच सांगितलं, ठेव. माझ्यावर इतका विश्वास तोवर कुणी टाकला नव्हता, आल्बर्ट सरांनीही नाही.

मग काकींचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. एकच शब्द होता.

आलो.

"उठ गो," त्या म्हणाल्या, आणि माझ्या आधी उठल्या.

शेवटच्या लाद्या फुटून टेम्पोत भरल्या जात होत्या तेव्हा बोट किनाऱ्याला लागली. जाळ्याचा दोर खुंटाला अडकला होता, तो सोडवण्यात दुपार गेली होती. तेवढा वेळ बोट तिथेच होती, जोडणीसकट, आणि मी सरांचं ऐकलं असतं तर बर्फाचं पुन्हा पाणीच झालं असतं. बोंबील ताठ होते. काकींनी एक उचलून शेपटीकडून धरून बघितला आणि बर्फात ठेवला.

रविवारच्या सभेत मला बोलावं लागलंच नाही. हंसाकाकी उठल्या आणि डबे राहतील म्हणाल्या. खटका सगळ्या बोटींवर स्टोव्हपाशीच बसेल. पुढे त्यांनी एक अटही घातली. काही मालकांनी 'आलो'चा मेसेज मासळीच्या दलालांनाही सुरू केला होता, आणि दलाल आधीच येऊन भाव पाडत होते. ते बंद. मेसेज जाईल तो फक्त घरच्या माणसांना. सगळ्यांनी माना डोलावल्या. आल्बर्ट सरांनी माझ्याकडे बघून हळूच अंगठा वर केला.

सभा सुटल्यावर मी बाहेरच्या पायरीवर बसून एकेका बोटीच्या स्क्रिप्टमधून दलालांचे नंबर काढत होते. अल्पेश आला आणि खालच्या पायरीवर बसला. त्याने धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि केस नीट विंचरले होते, त्यामुळे तो जरा परकाच वाटत होता.

"आमच्या बोटीच्या स्क्रिप्टमध्ये किती नंबर आहेत?"

"एकच. काकींचा."

"अजून एक घाल."

"कुणाचा?"

"तुझा."

मी लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "आत्ताच ठरलं ना... फक्त घरच्या माणसांना."

"म्हणून तर म्हणतोय."

आतून खुर्च्या आवरल्याचा आवाज येत होता. माझ्या छातीत काय चाललं होतं ते मी सांगत बसत नाही. पण मी हट्टी आहे, आणि अशा वेळी तर जास्तच.

"नीट विचार," मी म्हणाले. "बोटीवरून बोलतोस तसं अर्धवट नको. इथे रेंज आहे."

तो उठून माझ्या पायरीवर आला. हसत नव्हता. "मी रोज समुद्रात जाणार, तेजस्वी. ते सुटणार नाही. पण रोज परत फिरताना मला ते तुला कळवायचंय. मी येतोय हे जिला कळल्यावर बरं वाटेल, ती तू असावीस असं मला वाटतं. माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," मी म्हणाले. "पण तुमच्या घरच्या यादीत माझा नंबर मी माझ्या हाताने घालणार नाही. ते काकींनी सांगायला हवं."

"काय सांगायला हवं?" हंसाकाकी दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते त्यांनाच ठाऊक. अल्पेशने घसा साफ केला आणि लहान मुलासारखा उभा राहिला, पण काकींनी त्याला बोलूच दिलं नाही. त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्या शेजारी टेकल्या.

"माझे हात दिवसभर म्हावऱ्यात. फोन कोन बघनार?" त्या म्हणाल्या. "घाल तुझा. आनि तुझ्या बापाला सांग, आम्ही येतो बोलायला."

मी नंबर टाकायला घेतला. स्वतःचा नंबर, जन्मभर पाठ असलेला, आणि दोनदा चुकला. अल्पेश वरून बघत होता आणि मला सुधारत होता.

दोन दिवसांनी मी वालीवला कामावर होते. शेजारच्या गाळ्यात लेथ चालू होता, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. पडद्यावर त्याच्या बोटीचा दिवा सकाळपासून हिरवा होत होता, लाल होत होता, परत हिरवा होत होता, आणि माझा फोन गप्प होता. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तो जाळ्यापाशी आहे, पाण्याची वाट बघतोय, एवढं मला माहीत होतं. मग दुपार कलल्यावर फोन थरथरला.

आलो.

तो शब्द मीच लिहिला होता. कुठल्या ओळीत आहे ते मला तोंडपाठ होतं, तो कुठून निघतो, कशाच्या मागून येतो, सगळं माझ्याच हातचं. तरी तो वाचताना माझे डोळे भरून आले. तिकडे काळूरामकाकांनी चहा ठेवला होता, बोटीचं तोंड घराकडे फिरलं होतं, आणि त्या घरच्या माणसांत आता मीही धरलेली होते. मी आल्बर्ट सरांना सांगितलं आणि स्कूटर काढली.